नव्या लेखनिकाचा धर्म

सन १९३२. धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबा भावे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत असत. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला अठरावे. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. पण श्रोत्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेल्या गुरुजींनी ती प्रवचने जशी ऐकली तशी उतरवून घेतली. त्या टिपणांतूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक उभे राहिले आणि देशातल्या अनेक भाषांत गेले. गुरुजी स्वतः सिद्धहस्त लेखक. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. विनोबांच्या वाक्यांवर आपल्या शैलीचा मुलामा चढवणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. पण पुस्तकावर नाव विनोबांचे राहिले आणि आतला आवाजही विनोबांचाच राहिला.

दुसरी गोष्ट जळगावची, आणि ती तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यातली जमतील तेवढी कागदावर टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, तरी आईच्या बोलीतला एकही 'माझं' त्यांनी पुस्तकी 'माझे' करून टाकला नाही.

तिसरी गोष्ट आणखी जुनी. समर्थ रामदासांचा 'दासबोध' त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी लिहून घेतला, असे परंपरा सांगते. डोमगावच्या मठात जपलेली कल्याणांच्या हातची प्रत शोधून, तपासून ती लोकांपुढे आणण्याचे काम धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी केले. त्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

या तिन्ही गोष्टींत एक माणूस समान आहे, तो म्हणजे लेखनिक. दुसऱ्याचे शब्द हाती आलेला, ते बदलण्याची, लपवण्याची किंवा आपल्या नावावर खपवण्याची पूर्ण संधी असलेला आणि तरीही तसे न करणारा माणूस. आज हे काम कोणाकडे आले आहे? जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एखाद्या छोट्या गाळ्यात संगणकापुढे बसलेल्या, वेबसाइट तयार करणाऱ्या मुलामुलींकडे. शाळेची, पतसंस्थेची, सराफाची, केळीच्या व्यापाऱ्याची, देवस्थानाची, कवीच्या स्मारकाची वेबसाइट त्यांच्याच हातून तयार होते. कोणाचे शब्द, कोणाचे छायाचित्र, कोणाची चाल, कोणाचे अक्षर तिथे जाणार हे तीच ठरवतात. आजचे लेखनिक तेच आहेत. प्रश्न एवढाच, की लेखनिकाचा जुना धर्म त्यांना कोणी सांगितला आहे का?

सापडले म्हणजे आपले झाले नाही

वेबसाइट करायला येणारा ग्राहक बहुधा घाईत असतो. "चार फोटो टाका, एखादी कविता टाका, जरा भरल्यासारखे दिसू द्या," एवढीच त्याची मागणी. मग इंटरनेटवर शोध घेतला जातो आणि पहिले बरे दिसणारे चित्र उचलले जाते. विचारले तर उत्तर तयार असते, "गूगलवर मिळाले." जणू गूगल हा त्या चित्राचा चित्रकारच! रस्त्यावर उभी असलेली सायकल दिसली म्हणून आपण तिच्यावर टांग मारून निघून जात नाही. चित्राच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक सुटतो, कारण चित्र उचलले तरी मूळ जागी ते तसेच राहते. कोणाचे काही गेले असे वाटतच नाही.

आपल्याकडचा स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ चा आहे. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि १९९४ व २०१२ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्याविषयी तीन गैरसमज फार रुजले आहेत. पहिला असा, की नोंदणी केली नसेल तर हक्क नाही. वास्तविक कृती निर्माण होताक्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता. दुसरा गैरसमज, की वर्तुळातला इंग्रजी 'सी' छापला नसेल तर माल मोकळा. तशी कोणतीही अट नाही. तिसरा, की चित्र परदेशातले असेल तर कोण बघतो! भारत १९२८ सालापासून बर्न करारात आहे. त्यामुळे करारातल्या इतर देशांतील चित्रकाराला आपल्याकडेही संरक्षण मिळते.

आणखी एक लाडका समज म्हणजे 'थोडे घेतले तर चालते'. दहा टक्के, सात सेकंद, चार ओळी अशी मापे ऐकायला मिळतात. भारतीय कायद्यात असे कोणतेही माप नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी किंवा चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची सवलत आहे. शिक्षकाने वर्गात शिकवताना उतारा वापरावा यालाही मुभा आहे. पण सराफाच्या दुकानाच्या पानावर शोभेसाठी कविता टाकणे यात समीक्षाही नाही आणि शिक्षणही नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्याच्या लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते.

साठ वर्षांचा हिशेब

हक्क कायमचा मात्र नसतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे साठ वर्षे तो चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांचे साहित्य १९९१ अखेर मोकळे होणार होते. त्या तोंडावर अध्यादेश निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने साऱ्यांसाठीच दहा वर्षे वाढली.

आता हा हिशेब खानदेशाला लावून पाहू. धरणगावला जन्मलेले बालकवी ठोंबरे १९१८ साली जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून गेले. त्यांच्या कविता कधीच्याच सर्वांच्या झाल्या आहेत. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला आणि त्यानंतर 'श्यामची आई'च्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात दिसू लागल्या. विनोबा गेले १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत आहे. गंमत पाहा. धुळ्याच्या तुरुंगात लिहून घेणाऱ्याची पुस्तके मोकळी झाली आणि त्याने लिहून घेतलेले पुस्तक अजून मोकळे नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने भाषणाचा कर्ता बोलणारा असतो, उतरवून घेणारा नव्हे. साने गुरुजींनी स्वभावधर्माने जे पाळले, तेच कायदाही सांगतो.

पळसखेड्याचे ना. धों. महानोर ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०८३ अखेरपर्यंत राहील. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या हयात लेखकांचा तर प्रश्नच नाही. तेव्हा 'आपल्याच भागातले कवी आहेत, त्यांना आनंदच वाटेल' असे म्हणून पानभर कविता टाकणाऱ्याने आधी एक पत्र टाकावे. आनंद वाटेल की नाही हे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना ठरवू द्यावे.

मोकळी गाणी, पण बेवारस नव्हेत

बहिणाबाईंचे प्रकरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे तर प्रकाशनापासून मोजतात. पुस्तक १९५२ चे, म्हणून गाण्यांवरचा हक्क २०१२ च्या अखेरीस संपला. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची गाजलेली प्रस्तावना आहे. अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले, म्हणजे प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. पुस्तक एकच, हिशेब दोन! चालींचा हिशेब तर तिसराच. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून बहिणाबाई घरोघर ऐकल्या गेल्या. त्यानंतरही अनेकांनी त्या गायल्या. शब्द मोकळे झाले म्हणून संगीतकाराची चाल, गायिकेचा आवाज आणि ध्वनिमुद्रिका आपोआप मोकळ्या होत नाहीत. प्रत्येकाची मुदत वेगळी मोजावी लागते. वेबसाइट उघडताच पाठीमागे गाणे वाजावे अशी हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

मुदत संपली म्हणजे जबाबदारीही संपली का? इथे कायद्यापेक्षा नीती पुढे जाते आणि सुदैवाने कायदाही तिच्या मागोमाग येतो. कायद्याच्या ५७व्या कलमाने लेखकाला दोन खास हक्क दिले आहेत. कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची विटंबना किंवा मोडतोड थांबवण्याचा. कृतीचे मालकी हक्क विकून टाकले तरी हे दोन हक्क जात नाहीत. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढून गोदामात टाकले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. लेखकाच्या पश्चात त्याचे वारस हे हक्क बजावू शकतात आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर मोडतोडीविरुद्धचा हक्क साठ वर्षांच्या मुदतीला बांधलेला राहिलेला नाही.

आता इंटरनेटवर बहिणाबाईंच्या नावाने काय काय फिरते ते पाहा. बोलीतले शब्द 'शुद्ध' केलेले, मात्रा बिघडलेल्या, कडवी गाळलेली. कुठे नावच नाही, तर कुठे भलत्याच कोणाच्या सुविचाराखाली त्यांचे नाव. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून चार ओळी करून घेऊन त्यावर मोठ्या कवीचे नाव चिकटवणेही सोपे झाले आहे. जिची गाणी केवळ एका प्रामाणिक लेखनिकामुळे वाचली, तिची ही गत व्हावी यापरती खंत कोणती? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असे नाव मिळाले. त्या विद्यापीठाच्या परिसरात संगणक शिकणाऱ्या मुलाने बहिणाबाईंचे एक गाणे पानावर टाकताना छापील आवृत्ती शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे, एवढी अपेक्षा फार नाही. त्यात परवानगीचा कागद लागत नाही, फक्त अर्धा तास लागतो.

हीच गोष्ट अहिराणी लोकगीतांची. जात्यावरच्या ओव्यांना, कानबाईच्या आणि लग्नातल्या गाण्यांना एक कर्ता नसतो, म्हणून ती कोणीही घ्यावीत असे मानले जाते. पण ती ज्या आजीकडून ऐकली तिला नाव आहे, गाव आहे. 'पारंपरिक' असा शिक्का मारून तिला पुसून टाकण्याऐवजी, तिची संमती घेऊन, खाली 'अमुक गावच्या अमुक आजींकडून' असे लिहिले तर पानाची किंमत वाढते, कमी होत नाही.

चाळीसगावचा छायाचित्रकार

शब्दांपेक्षा छायाचित्रांची उचलेगिरी अधिक होते. त्यासाठी चाळीसगावच्या केकी मूस यांचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षे राहिला. बाहेर जवळपास पडलाच नाही. टेबलावर रोजच्या वस्तूंची मांडणी करून डोंगर, समुद्र, बर्फाळ रात्र उभी करायची आणि तिचे छायाचित्र काढायचे, ही त्यांची खासियत. घर सोडले नाही, पण छायाचित्रे जगभर गेली, बक्षिसे घेऊन आली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले.

पूर्वी छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीपासून मोजला जाई. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रकाराला लेखकाच्या पंगतीला बसवले. आता त्याची हयात आणि पुढे साठ वर्षे. म्हणजे मूस यांच्या छायाचित्रांवरचा हक्क सर्वसाधारणपणे २०४९ च्या अखेरपर्यंत आहे. १९५२ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत या दुरुस्तीआधीच सरली होती, ती गोष्ट वेगळी. चाळीसगावात त्यांच्या वास्तूत हा ठेवा जपणारी संस्था आहे. खानदेश पर्यटनाचे पान करणाऱ्याला मूस यांचे छायाचित्र हवे असेल, तर तिथे जाऊन विचारण्याइतके सोपे दुसरे काही नाही. ज्या माणसाने एका चौकटीसाठी दिवसचे दिवस मांडामांड केली, त्याच्या छायाचित्राच्या कडा कापून त्यावर हॉटेलचा फोन नंबर छापणे हे परवानगीच्याही पलीकडचे पाप आहे.

छायाचित्रांचा एक नियम घरगुती वाचकांनाही ठाऊक असावा. पैसे देऊन आपण लग्नाचे किंवा घरच्यांचे फोटो काढून घेतो, तेव्हा वेगळा करार नसेल तर त्यांचा पहिला हक्कदार फोटो काढून घेणारा असतो, स्टुडिओ नव्हे. म्हणून नवरीचा फोटो स्टुडिओने न विचारता आपल्या वेबसाइटवर झळकवू नये. शाळांच्या वेबसाइटवर स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलामुलींचे फोटो नावानिशी, इयत्तेनिशी टाकले जातात. मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, असे संसदेने २०२३ साली केलेल्या माहिती संरक्षण कायद्यात म्हटले आहे. कायदा नसता तरी आईबापांना विचारणे हा साधा शिष्टाचार आहे.

आणखी एक बाजू खरेपणाची. रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या पानावर दक्षिण अमेरिकेतल्या बागेचे चकचकीत चित्र रीतसर विकत घेऊन टाकले, तर कॉपीराइटची अडचण नाही. पण ग्राहकाला ती बाग रावेरची वाटते, ही फसवणूकच. 'जळगाव केळी'ला आणि इथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मालाला स्वतःचे नाव आणि गाव मिळाले, त्याला चेहरा मात्र परका का असावा? बांधावर जाऊन काढलेला साधा फोटो कधीही बरा.

धुळ्याची बाडे

धुळे हे जुन्या कागदांचे गाव आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले दप्तर सांभाळण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकरराव देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. त्यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

या हस्तलिखितांतल्या मजकुरावर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. ते शतकांपूर्वीचे आहेत. जुन्या पानाची हुबेहूब प्रतिमा घेतल्याने नवा हक्क निर्माण होतो का, यावर कायदेपंडित वाद घालू शकतील. इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या २००७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसत्या कष्टांनी हक्क मिळत नाही. त्यात कौशल्य, विचार आणि थोडीतरी सर्जकता हवी. पण वेबसाइट करणाऱ्याने वादात न पडता एवढेच आठवावे, की ते पान आज वाचता येते कारण कोणीतरी ते कसर-वाळवीपासून वाचवले. संस्थेला विचारावे, प्रतिमेखाली संस्थेचे नाव आणि बाडाचा क्रमांक द्यावा आणि त्यावर आपल्या कंपनीचा शिक्का उमटवू नये. क्रमांक दिला तर उद्याचा अभ्यासक मूळ पानापर्यंत पोहोचतो. तो गाळला तर ते पान पुन्हा एकदा हरवते.

वेबसाइट कोणाची, अक्षर कोणाचे?

आतापर्यंत डिझायनरच्या जबाबदाऱ्या सांगितल्या. त्याला हक्कही आहेत. ग्राहकाला वाटते, पैसे मोजले म्हणजे वेबसाइट आपली झाली. कायदा तसे म्हणत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे असते; पण स्वतंत्र व्यावसायिकाने केलेली मांडणी आणि लिहिलेला प्रोग्रॅम त्याचाच राहतो. हक्क ग्राहकाकडे जावा असे वाटत असेल तर लेखी, सही केलेला करार हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. आपल्याकडे बहुतेक व्यवहार चहाच्या टपरीवर तोंडी ठरतात आणि भांडण झाल्यावर दोघांच्याही हाती काही नसते.

उलट बाजूने डिझायनरनेही एक पथ्य पाळावे. ग्राहकाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे त्याचे नाव, ग्राहकाच्याच नावे घ्यावे आणि किल्ल्या त्याच्या हवाली कराव्यात. ते स्वतःच्या नावे ठेवून पुढे अडवणूक करणे म्हणजे घरभाडेकरूने सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखेच आहे.

अक्षरांचाही मालक असतो, हे तर कोणाच्या गावीही नसते. नव्वदच्या दशकात गावोगाव डीटीपी केंद्रे निघाली. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची 'श्रीलिपी', 'आकृती', सी-डॅकचे भाषा-प्रोग्रॅम यांवर मराठी छपाई उभी राहिली. ही सारी विकत घ्यायची साधने होती. पण फ्लॉपीवरून फ्लॉपीवर अक्षरे फिरत राहिली. चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरण्यालाही सात दिवस ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. आज ही सबब उरलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेने केलेली 'मुक्ता' आणि 'बलू', तसेच गूगलची 'नोटो' ही देवनागरी अक्षरे खुल्या परवान्याखाली विनामूल्य मिळतात. व्यवसायासाठीही चालतात. चित्रांसाठी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाने आहेत. त्यांतल्या अटी मात्र वाचाव्या लागतात. बहुतेकांत नाव देणे आवश्यक असते, काहींत धंद्यासाठी वापर चालत नाही, काहींत बदल करता येत नाही. 'फुकट' आणि 'बिनशर्त' हे दोन वेगळे शब्द आहेत.

विचारायचे कसे?

"विचारायला गेलो तर नाही म्हणतील," ही भीती बहुतेकांच्या मनात असते. वास्तविक मराठी लेखक, छायाचित्रकार आणि त्यांचे वारस सन्मानाने विचारले तर सहसा अडवत नाहीत. त्यांची तक्रार असते ती कोणी विचारलेच नाही, ही. पत्र लांबलचक नको. असे पुरे:

"सप्रेम नमस्कार. आम्ही अमुक शाळेची वेबसाइट तयार करत आहोत. तिच्या 'आमचा परिसर' या पानावर आपले अमुक छायाचित्र, कोणताही बदल न करता, आपल्या नावासह, तीन वर्षांसाठी वापरण्याची परवानगी मिळावी. पान आपल्याला आधी दाखवू. मानधनाची अपेक्षा असल्यास कळवावे. उत्तर येईपर्यंत छायाचित्र वापरणार नाही."

कोणती कृती, कुठे, किती काळ, बदल करणार की नाही, नाव कसे येणार आणि मानधन किती, हे सहा मुद्दे यात येतात. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. आलेले उत्तर फाइलला लावून ठेवावे; तोंडी परवानगी मिळाली तर त्याच दिवशी 'आपण फोनवर म्हटल्याप्रमाणे' असा संदेश पाठवून ती लेखी करून घ्यावी. मालक सापडतच नसेल तर ते चित्र सोडून द्यावे. आणि चुकून कोणाचे काही लागलेच आणि त्याने हरकत घेतली, तर वाद न घालता ते उतरवावे, दिलगिरी व्यक्त करावी.

ग्राहकांनाही यात वाटा उचलावा लागेल. पाच-दहा हजारांत वेबसाइट मागायची, तीही 'दोन दिवसांत', आणि चित्रांचा खर्च धरायचाच नाही, असे असेल तर उचलेगिरीत त्यांचाही हात आहे. संस्थाचालकांनी कामाच्या कराराबरोबर एक कागद मागावा, 'या पानांवरील प्रत्येक चित्र, मजकूर व अक्षर कोठून घेतले त्याची यादी'. शाळेत साहित्यसामग्रीची नोंदवही ठेवतात, तशीच ही एक नोंदवही. संगणक शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि क्लासेसनी मुलांच्या पहिल्या प्रकल्पापासून अशी यादी सक्तीची केली, तर पुढे वकिलाची नोटीस वाचण्याची वेळ फारशी येणार नाही.

शंकरराव देवांना, सोपानदेवांना किंवा धुळ्याच्या तुरुंगात बसलेल्या साने गुरुजींना कोणतेही कलम दाखवावे लागले नव्हते. जे हाती आले ते दुसऱ्याचे आहे, आपण फक्त पुढे पोहोचवणारे आहोत, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या काळी एक प्रत करायला महिने लागत, म्हणून एक चूक एका प्रतीत राहत असे. आज एक बटण दाबले की चूक हजारो पडद्यांवर जाते आणि पुसलेले नाव सगळीकडूनच पुसले जाते. हाताशी साधन जितके वेगवान, तितका ते चालवणारा हात सावध हवा. खानदेशच्या मुलांना त्यासाठी दूर कुठे धडा घ्यायला जाण्याचे कारण नाही. तो त्यांच्याच गावांत, त्यांच्याच भाषेत गिरवला गेला आहे.